हत्तीला दहा दिवसांची सुट्टी, लोडरला सदतीस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांचे इअरफोन पुन्हा हरवलेत, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोललो होतो त्यापेक्षा थोडी नीट केली आहे. "ॲक्च्युअली" निम्मे काढलेत.

आजचा विषय ऐकून काही जण भाग सोडून पुढे जातील याची मला खात्री आहे. विषय आहे लोडर. छोटा लोडर. माती, धान, कोंडा, मुरूम जे समोर दिसेल ते बकेटमध्ये उचलून दुसरीकडे टाकणारं मशीन. आणि हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे. तर थांबा, सांगतो.

माझे मामाजी सिंदेवाही तालुक्यात राहतात, चंद्रपूर जिल्ह्यात. छोटी राइस मिल, थोडी धानाची शेती, दोन बोड्या. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला असलेलं छोटं तळं. बांधी म्हणजे धुरे घातलेला धानाचा तुकडा. ज्या घरात बोडी आहे त्या घरात पाऊस लांबला तरी धान वाचतं.) २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांचा मला फोन आला. "बाबू, लोडर घ्याचा आहे. तू इंजिनिअर आहेस, तुले समजते. पाहून सांग कोनता घेऊ."

मी बीटेक. कंप्युटर सायन्समध्ये. लोडर आणि माझा संबंध म्हणजे स्क्रीनवर गोल फिरणारा तो लोडर, बस. पण मामाजींनी विचारलंय म्हटल्यावर मी हिंजवडीत बसून दोन रात्री जागून एक्सेल शीट बनवली. सोळा कॉलम. हॉर्सपॉवर, उचलण्याची क्षमता, बकेट किती घनमीटर, डिझेल किती, उंची किती जाते, किंमत, कॅबिन, सगळं. प्रत्येकाला वेटेज दिलं, शेवटी टोटल काढली आणि जो पहिला आला तो सांगितला. मामाजींनी तो घेतला. कर्ज काढून घेतला.

सोळा कॉलममध्ये डीलरचा कॉलम नव्हता.

दीड वर्ष बरं गेलं. मग डिसेंबर आला. मिलवर धानाची पोती थप्पीला लागलेली, ट्रॅक्टर रांगेत, आणि लोडरच्या हायड्रॉलिक पंपानं मान टाकली. चंद्रपुरातल्या डीलरच्या शाखेला तोपर्यंत कुलूप लागलेलं. नागपूरच्या ऑफिसनं फोन उचलला, तक्रार नोंदवून घेतली, टिकीट नंबर दिला. टिकीट नंबर! माझ्याच धंद्यातलं हत्यार माझ्याच मामावर. मशीन सदतीस दिवस मोहाच्या झाडाखाली उभं होतं. तेवढ्या दिवसांत मामाजींनी मजूर लावले, दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं घेतला, आणि हप्ता तर थांबत नसतोच. मला मात्र ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता तो लोडर तोट्यात विकून ते नवीन बघतायत. पुन्हा मलाच विचारलं, वर एक सूचना: "या टायमाले एक्सेल नोको आनू." म्हणून मी यावेळी उलटं केलं. आपल्या भागात ही ओझी उचलायची कामं आधी कोण करत होतं, ती साधनं बिघडली की कोण दुरुस्त करत होतं, हे शोधत बसलो. त्यातून हा भाग झाला.

सुरुवात हत्तीपासून करावी लागते.

गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यात कमलापूर आहे. तिथला वनविभागाचा हत्ती कॅम्प महाराष्ट्रातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प म्हणून ओळखला जातो. आज लोक तिथे रील बनवायला जातात. २०२२ मध्ये तिथले हत्ती गुजरातला हलवायची चर्चा निघाली तेव्हा लोकांनी जोरदार विरोध केला, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. पण हे हत्ती पर्यटकांसाठी आलेले नव्हते. ते कामावर होते. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान जगात नावाजलेलं. ते तोडलं की ओंडका जंगलाच्या आतून रस्त्यापर्यंत ओढून आणायचा, डेपोत रचायचा, हे काम हत्ती करायचे. दाट झाडीत ट्रक शिरत नाही, बैलाचं खाचर एका हद्दीपर्यंतच जातं. हत्ती मात्र दोन झाडांच्या मधून वळतो, ओंडका सोंडेनं सरळ करतो, चिखलात फसत नाही. म्हणजे अगदी तांत्रिक भाषेत सांगायचं तर अरुंद जागेत वळणारा, स्वतःच्या वजनाच्या जोरावर ओढणारा, सगळ्या प्रकारच्या जमिनीवर चालणारा कॉम्पॅक्ट लोडर.

आणि आता खरी गंमत. या हत्तींना दरवर्षी थंडीत, साधारण जानेवारीत, दहा दिवसांची सुट्टी मिळते. त्या दिवसांत त्यांच्या पायांना जडीबुटींच्या गरम लेपानं शेकतात. याला तिकडे "चोपिंग" म्हणतात. हत्तीचं सगळं वजन पायांवर, पायाला भेगा पडल्या की हत्ती बसला. म्हणून बिघडायच्या आधीच इलाज. प्रत्येक हत्तीमागे माहूत, आणि चारा आणायला चाराकटर हे वनविभागातलं रीतसर पद. माहूत हत्तीजवळच राहतो. हत्ती आजारी पडला की माहुताला चेहऱ्यावरूनच कळतं.

आता हे माझ्या शीटच्या भाषेत वाचा. मशीन, ऑपरेटर, जागेवर हजर असलेला सर्व्हिस माणूस, ठरलेल्या तारखेला प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, आणि स्पेअर पार्ट म्हणजे जंगलातलीच झाडपाला. एकही गोष्ट नागपूरहून मागवायची नाही. माझ्या मामाच्या लोडरला मिळालेल्या सेवेपेक्षा ही सेवा कितीतरी वरची होती, हे मी पूर्ण गांभीर्यानं म्हणतोय.

हत्ती जंगलात. मातीचं काय? माती माणसंच उचलायची. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. (माझ्या मामाचा संबंध नाही. माजी मालगुजारी तलाव, त्याचं लघुरूप.) चांद्याच्या गोंड राजांपैकी हिरशहाच्या नावानं एक आज्ञा सांगतात, की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्यानं जेवढी जमीन भिजेल तेवढी मिळेल. स्टार्टअपवाल्यांनो, याच्याहून चांगला इन्सेंटिव्ह दाखवा. या कामात कोहळी समाजाचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे काढायचा, हे त्यांना उतार बघून कळायचं. आणि तलाव बांधणाऱ्यालाच त्याचा गाळ काढायची गरज होती, कारण त्याचीच जमीन त्यावर भिजत होती. म्हणजे बांधणारा आणि देखभाल करणारा एकच.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. जायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण तलाव सरकारकडे आले, पुढे मोठे पाटबंधारे खात्याकडे आणि छोटे जिल्हा परिषदेकडे, आणि गाळ काढणं हे कोणाचंच रोजचं काम उरलं नाही. वस्तू उत्तम होती, सपोर्ट गेला. पुढची कित्येक वर्षं तलाव उथळ होत गेले.

गाळ निघाला तो रोजगार हमीवर, फावडं-घमेल्यानं. आणि मग गेल्या पंधरा-वीस वर्षांत जेसीबीनं. २०१४ च्या शेवटी जलयुक्त शिवार आलं, नंतर गाळमुक्त धरण, मागेल त्याला शेततळं. गावागावात पिवळं मशीन दिसायला लागलं. इथे एक गोष्ट लपवायला नको. ज्या कामावर चाळीस बाया-माणसं महिनाभर असायची ते मशीन चार दिवसांत उरकतं. केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात मजुरांचं काम हिरावणारी यंत्रं वापरायला म्हणूनच बंदी होती. आमच्या मिलवर पोती वाहणाऱ्या दोघांना लोडर आल्यावर दुसरं काम बघावं लागलं, आणि मशीन बंद पडल्यावर मामाजींनी पहिला फोन त्यांनाच केला. ते आले. का आले, असं मी विचारलं नाही.

आता ते पिवळं मशीन. तुम्हाला २०१९ चं "जेसीबी की खुदाई" आठवतंय? देशभर लोक जेसीबीचे मीम टाकत होते, कोणी लग्नाच्या फोटोत मशीन उभं करत होतं. बाहेरच्यांना कळेना की हा काय प्रकार आहे. पण त्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास होता. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसानं २३ ऑक्टोबर १९४५ ला, म्हणजे मुलगा जन्मला त्याच दिवशी, इंग्लंडमधल्या उटॉक्सिटर गावी एक छोटं गॅरेज भाड्यानं घेतलं, एका पौंडाला जुनं वेल्डिंग मशीन आणलं आणि युद्धानंतर उरलेल्या भंगारातून ट्रेलर बनवला. १९५३ मध्ये पुढे बकेट, मागे खोदायचा हात असं मशीन काढलं. १९७९ मध्ये एस्कॉर्ट्ससोबत भागीदारीत हे भारतात आलं, हरियाणातल्या बल्लभगडला. २००३ पासून भारतातली कंपनी पूर्णपणे त्यांची. मी रोज ज्या पुण्यात राहतो तिथे तळेगावलाही त्यांचा कारखाना आहे.

पण मला जास्त मजेशीर वाटतो तो दुसरा शब्द. पोकलेन. आपल्याकडे साखळीवर चालणारं मोठं खोदयंत्र दिसलं की कंपनी कोणतीही असो, लोक म्हणणार पोकलेन. मूळ पोक्लेन ही फ्रान्सची कंपनी, १९२७ ची, शेतीची अवजारं करणारी. लार्सन अँड टुब्रोनं त्यांच्या तंत्रज्ञानानं इथे मशीन बनवली आणि धरणं, कालवे, खाणी अशा कामांवर ती पोचली. पुढे फ्रान्समध्ये तो धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेला. आज पोक्लेन नावाची कंपनी आहे, पण ती हायड्रॉलिक मोटर बनवते. खोदयंत्र नाही! मशीन गेलं, नाव आपल्या तोंडात राहिलं.

एखादं नाव असं सामान्यनाम कसं होतं? मला वाटतं जाहिरातीनं नाही. आमच्याच नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ पासून निवड करत करत धानाचं एक बारीक वाण तयार केलं. त्याला नाव काय पडलं? एचएमटी. कारण तेव्हा एचएमटीचं घड्याळ म्हणजे भरवसा. घड्याळ बिघडलं तरी तालुक्याच्या बाजारात बसलेला माणूस ते उघडून नीट करून द्यायचा. जेसीबीचंही तसंच. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, कुठल्याही नाक्यावर जा. जेसीबी उघडू शकणारा मिस्त्री सापडेल, पिन-बुश, ऑइल सील, बकेटचे दात विकणारं दुकान सापडेल. मशीन जास्त विकलं म्हणून मिस्त्री तयार झाले, मिस्त्री आहेत म्हणून मशीन अजून विकलं. आधी कोंबडी की आधी अंडं, ते तुम्ही ठरवा.

कोंबडीवरून आठवलं. मामाजींना जो प्रकार हवाय, छोटा स्किड स्टीअर लोडर, त्याचा जन्म कोंबडीच्या नाही पण टर्कीच्या खुराड्यात झाला. खरंच. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉथ्से गावाजवळ लुई आणि सिरिल केलर या दोन भावांचं वर्कशॉप होतं. एडी व्हेलो नावाचा टर्की पाळणारा शेतकरी त्यांच्याकडे आला. त्याची शेड दोन मजली, आत खांबच खांब. घाण साफ करायला ट्रॅक्टर नेला तर खांबांमधून वळत नाही आणि वरच्या मजल्याला वजन झेपत नाही. त्याला असं मशीन हवं होतं जे हलकं असेल आणि जागच्या जागी फिरेल. केलर बंधूंनी तीन चाकांचा लोडर बनवला आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याला दिला. खांबांमधून वळणं बघा, झाडांमधून वळणं बघा. मला तर कमलापूरच आठवलं.

या गोष्टीतली माझी आवडती जागा पुढे आहे. केलर बंधूंचा एक नातेवाईक मेलरो नावाच्या अवजार कंपनीचा डीलर होता. त्यानं हे मशीन पाहिलं आणि मेलरोवाल्यांच्या कानावर घातलं. १९५८ च्या मिनेसोटा राज्याच्या जत्रेत मेलरोच्या स्टॉलवर ते मशीन ठेवलं गेलं, लोक तुटून पडले, आणि कंपनीनं दोघा भावांना मशीनसकट आपल्याकडे घेतलं. १९६० मध्ये मागे चौथं चाक लावलं, १९६२ पासून नाव बॉबकॅट. म्हणजे अख्ख्या प्रकारच्या मशीनचा इतिहास एका डीलरच्या नजरेवर सुरू झाला. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला माझ्या सोळा कॉलमची लाज वाटली.

हे मशीन वळतं कसं, तेही थोडक्यात. त्याला स्टीअरिंगनं चाक वळवणं नाहीच. डाव्या बाजूची दोन चाकं एकत्र, उजव्या बाजूची दोन एकत्र. एक बाजू पुढे, दुसरी मागे, की मशीन घसरत जागेवर गोल. सिमेंटच्या फरशीवर अप्रतिम. मिलच्या शेडमध्ये तर याला तोड नाही. पण घसरतंय म्हणजे टायर घासणार, आणि ओल्या बांधीत घसरलं तर जमीन चिखलासारखी तिंबून ठेवणार. म्हणून शेतातलं काम जास्त असेल तर छोटा बॅकहो किंवा ट्रॅक्टरला पुढे बसवायचा लोडर बरा. मामाजींचं बारा आणे काम शेडमध्ये आहे, म्हणून स्किड स्टीअर. पहिल्या वेळी हा विचार मी केला होता, तेवढं श्रेय घेतो.

आता गडचिरोली. चंद्रपुरातून गडचिरोलीत शिरलं की "डीलर सपोर्ट" या शब्दाचा अर्थच बदलतो. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. सिरोंचा हे त्याचं दक्षिण टोक जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरच्या वर. रेल्वे वडसा भागात जेमतेम स्पर्श करून जाते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड बाकी जगापासून तुटतं. तिथे मशीन जुलैत बंद पडलं तर कोणत्याही कंपनीचं "चोवीस तासांत सेवा" हे वचन नदीच्या अलीकडे थांबतं.

आणि नदी ही एकच अडचण नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या लोहखाणीच्या कामावरची सत्तरीच्या आसपास वाहनं माओवाद्यांनी जाळली. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ दादापूरला रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून जास्त वाहनं आणि यंत्रं जाळली. त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या खाजगी गाडीचा चालक गेले. ही आकडेवारी म्हणून वाचू नका. तिथे काम करणाऱ्या ऑपरेटरांसाठी, मेकॅनिकांसाठी हे रोजचं गणित होतं. संध्याकाळी मशीन कुठे उभं करायचं. पोलीस ठाण्याजवळ आणायचं तर रोजचे दोन तास चालवण्यात जाणार. बिघडलेलं मशीन रात्री जंगलात सोडायचं की नाही. दुरुस्तीला कोण जाणार आणि त्याच्या घरचे जाऊ देणार का. तिकडे काम केलेल्या एका ओळखीच्या ऑपरेटरला मी विचारलं, कोणतं मशीन चांगलं? त्यानं हॉर्सपॉवर सांगितली नाही. म्हणाला, "जे मले सोताले सुदरवता येते ते."

आता परिस्थिती पुष्कळ निवळली आहे, रस्ते झालेत, सूरजागडच्या ट्रकांनी आलापल्ली-आष्टी रस्त्याचे काय हाल केले ते तिथल्या लोकांना विचारा. पण त्या ऑपरेटरचं वाक्य मला बाजूला ठेवता येईना, कारण नेमकं तेच आता अवघड होत चाललंय.

कसं ते सांगतो, हा माझ्या धंद्याचा भाग आहे. जुन्या मशीनचं डिझेल इंजिन पूर्ण यांत्रिक. आवाज ऐकून मिस्त्री सांगायचा, नोझल गेलंय. १ एप्रिल २०२१ पासून चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना धुराचे नवीन नियम लागले, सीईव्ही-४. जानेवारी २०२५ पासून त्याच्या पुढचे, सीईव्ही-५. धूर कमी झाला पाहिजे, शेडमध्ये दिवसभर मशीनमागे उभं राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे. पण त्यासाठी इंजिनात सेन्सर आले, ईसीयू आला, धुराचे फिल्टर आले. आता इंजिन बंद पडलं तर पान्याच्या आधी लॅपटॉप लागतो, आणि लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर कंपनीकडे. नाक्यावरचा मिस्त्री हुशार असून बाहेर उभा. अमेरिकेत ट्रॅक्टरवरून शेतकऱ्यांनी यासाठीच भांडण केलं, २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्यानं शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं राइट टू रिपेअर पोर्टल काढलं, शेतीची अवजारं त्यात आहेत. पोर्टल आहे, पण सिंदेवाहीत लॅपटॉप घेऊन कोण येतं, हा प्रश्न शिल्लक आहे.

म्हणजे पूर्वी डीलर नसला तरी मिस्त्री होता. आता मिस्त्रीला कुलूप लावलंय आणि किल्ली डीलरकडे आहे. डीलर गेला की मशीन भंगार. हे मला २०२२ मध्ये कळायला हवं होतं. मी स्वतः दिवसभर लोकांचं सॉफ्टवेअर बिघडल्यावर फोन उचलायचं काम करतो!

गेल्या महिन्यात मी गावी गेलो आणि आम्ही दोघं तीन ठिकाणी मशीन बघून आलो. बांधणी कशी बघायची हे मला मामाजींनी शिकवलं, उलटं नाही. नवीन मशीन त्यांनी बघितलंच नाही. प्रत्येक डीलरला म्हणाले, दोन-तीन हजार तास चाललेलं दाखवा, कोणाकडे आहे ते सांगा, आम्ही जातो. तिथे जाऊन बकेट जमिनीपासून वीतभर उचलायची, टोकाला धरून हलवायची. खडखड वाजलं की पिन-बुश झिजलेत. झिजणं चालतं, ते बदलता येतात. पण ज्या भोकात बुश बसतो ते भोकच लांबट झालं असेल तर लोखंड हलकं. मग हाताच्या सांध्यावरचे वेल्डिंग बघायचे, रंगाखाली केसासारखी चीर आहे का. होज पाइप कुठे घासतोय का. ग्रीस निपलला हात सहज पोचतो का, कारण पोचत नसेल तर ऑपरेटर ग्रीस मारणारच नाही, मग तुम्ही कितीही बोर्ड लावा. रेडिएटर उघडून साफ करता येतो का, कारण राइस मिलमध्ये कोंड्याची धूळ चार दिवसांत जाळी भरते आणि इंजिन तापतं.

एक आकड्याची गोष्ट मी त्यांना सांगितली, तेवढंच. कागदावर लिहिलेली उचलण्याची क्षमता ही चाकांच्या स्किड स्टीअरमध्ये मशीन उलटण्याच्या वजनाच्या निम्मी धरतात. म्हणून कोणी सेल्समन "साहेब, कागदापेक्षा जास्त उचलते" म्हणाला, तर खरं असतं, पण तो तुमच्या ऑपरेटरच्या जिवाची शिल्लक विकत असतो. मामाजी म्हणाले, हे बरं सांगितलं.

आणि डीलरची परीक्षा. रविवारी संध्याकाळी सात वाजता मामाजींनी तिघांच्या सर्व्हिस नंबरला फोन केला. मी शेजारी बसलो होतो. पहिला नंबर वाजत राहिला. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी गोड आवाजात सोमवारी फोन करायला सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी एका पोरानं उचलला, मागे टीव्हीचा आवाज. मामाजी खोटं बोलले, पंप बसला म्हणाले. त्यानं विचारलं, तेल गळतंय का, आवाज कसा येतोय, मशीन किती तासाचं, मोबाइलवर व्हिडिओ पाठवा, मी मूलमध्येच राहतो, सकाळी येतो. मग मामाजींना ओशाळायला झालं आणि त्यांनी खरं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "काका, असा फोन करनारे तुमी पयले नाही."

त्या कंपनीचं मशीन माझ्या जुन्या शीटमध्ये चौथं आलं होतं.

सौदा अजून झालेला नाही. पंपाची सील किट आणि एक फिल्टर सेट मशीनसोबत मिळावा, पन्नास आणि अडीचशे तासांच्या सर्व्हिसची तारीख कागदावर लिहून मिळावी, यावर घासाघीस चालू आहे. कोटेशनचा कागद मामाजींच्या देवघराच्या फळीवर ठेवलाय. किमतीच्या आकड्याशेजारी त्यांनी पेनानं त्या मेकॅनिकचा नंबर लिहिलाय, आणि खाली अजून एक, त्याच्या घरचा.

मशीन आलं की सांगेन. तुमच्या गावात हत्ती, खाचर, ट्रॅक्टर, काहीही दुरुस्त करणारं माणूस असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, तीस सेकंदांच्या वर नको. पुढचा भाग वरोऱ्याच्या कोळशावर. १८७१ मध्ये सुरू झालेल्या खाणीपर्यंत रेल्वे का न्यावी लागली, तिथून सुरू करू. भेटू.